‘पुढे काय?’ जरा बाजूला ठेवून आजचा दिवस नीट कसा जगायचा

आपल्याकडे ठाण्यात घोडबंदर रोडला वन बीएचके घेतला की वर्षभरात टू बीएचकेचे रेट बघणं सुरू होतं, टू बीएचके झाला की बाल्कनीतून समोरचा नवा टॉवर दिसायला लागतो ज्यात क्लबहाउस आहे, ऑफिसात सिनिअर झालं की लीड व्हायचं असतं, लीड झालं की मॅनेजर, आणि मॅनेजर झाल्यावर कळतं की आपल्या बॅचचे निम्मे लोक कॅनडाला पोचले. पोरांचं तर बोलूच नका, आठवीपासून फाउंडेशन कोर्स.

आधीच सांगते, नोकरी सोडा, कोकणात जा, आंबे लावा असलं काही मी सांगणार नाहीये. ईएमआय भरायचाच आहे. पुढे जायचंय तर खुशाल जा, फक्त तिथे पोचेपर्यंतचे दिवस नुसते ढकलण्यात जाऊ नयेत यासाठी काय करता येतं ते लिहितेय.

हे असं का होतं, ते आधी थोडक्यात. १९७८ मध्ये अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इलिनॉयमध्ये लॉटरी लागलेल्या २२ लोकांना गाठून विचारलं की बाबा आता कसं वाटतंय, तर लॉटरी न लागलेल्या लोकांपेक्षा ते काही फार जास्त खूश निघाले नाहीत, उलट सकाळचा नाश्ता, मित्राशी गप्पा, एखादा जोक असल्या रोजच्या गोष्टींची मजा त्यांना कमी वाटत होती. माणसाला सवय होते, मोठ्या गोष्टीचीही होते. आता २२ म्हणजे अगदीच छोटा आकडा, आणि पुढे २०२० मध्ये स्वीडनच्या लॉटरीवाल्यांवर बराच मोठा अभ्यास आला, त्यात मोठी रक्कम मिळालेले लोक दहा वर्षांनंतरही आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते, पण आनंदात पडलेला फरक त्यामानाने कमी होता. मला हे पटतं. पैशाने काही होत नाही असं सांगणाऱ्यांकडे बऱ्याचदा तो असतोच. पण पैसा आला म्हणून मंगळवारची संध्याकाळ आपोआप बरी होत नाही, तिच्याकडे वेगळं बघावं लागतं.

म्हणून पहिलं काम मंगळवारचंच. जे काय टार्गेट डोक्यात आहे ना, ते कागदावर लिहा (मोबाईलवर नको, मधेच नोटिफिकेशन येतं) आणि खाली लिहा की हे मिळाल्यावर माझ्या साध्या मंगळवारी संध्याकाळी नेमकं काय वेगळं होईल. टू बीएचके घेतला तर सासूबाईंना वेगळी खोली मिळेल, पोराला अभ्यासाला टेबल मांडता येईल, हे खरं उत्तर झालं, त्याच्यासाठी धडपड करायला काहीच हरकत नाही. पण खूप डोकं खाजवून जर एवढंच सुचलं की लोकांना कळेल, किंवा अमक्याच्या बरोबरीला येऊ, तर तिथे जरा थांबा, कारण लोकांना कळून दोन दिवस होतात आणि हप्ता वीस वर्षं चालतो. त्याच कागदावर किती झालं की पुरे, तेही लिहून टाका. आकडा लिहा, पगाराचा असेल तर पगाराचा. हे अप्रेझलच्या आधी करायचं हं, नंतर नाही, कारण हातात लेटर पडलं की शेजारच्या डेस्कवाल्याला किती मिळाले हे कळतं आणि मग पुरेचा आकडा सरकतोच.

दुसरं म्हणजे मिळालेल्या गोष्टीला थोडे दिवस द्या. आपण काय करतो, प्रमोशन झालं की पेढे वाटतो, एक पार्टी देतो आणि सोमवारी ‘नेक्स्ट लेव्हलला काय लागतं’ विचारत बसतो. साधा नियम लावून घ्या, काही मोठं मनासारखं झालं की महिनाभर नवीन काही ठरवायचं नाही. बाल्कनी घेतलीय ना हौसेने, मग तिथे बसा की, कपड्यांचा स्टँड आणि जुनी सायकल ठेवायला लाखो रुपये दिलेत का?

आता मुख्य मुद्दा, आणि माझा सगळ्यात आवडता. आठवड्यातून एक तरी गोष्ट अशी करा जिच्यातून काहीही मिळत नाही. सर्टिफिकेट नाही, स्किल नाही, नेटवर्किंग नाही. आपल्या भागात यासाठी फ्लेमिंगोंसारखी चांगली सोय नाही. साधारण नोव्हेंबरनंतर ते यायला लागतात ते मे-जूनपर्यंत असतात, ठाण्याची खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेली, हे आपल्याला बातमीत माहिती असतं पण ऐरोलीला रोज कामाला जाणारे कितीतरी जण एकदाही बघायला थांबलेले नसतात. आणि गंमत म्हणजे इथे तुमचं काही चालत नाही. ओहोटी असली की खाडीतला चिखल उघडा पडतो आणि पक्षी तिकडे खायला जातात, भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, मग त्यातले बरेच नवी मुंबईत सीवूड्सचं डीपीएस तळं, टीएस चाणक्यच्या मागचं पाणी असल्या पाणथळ जागांवर येऊन उभे राहतात. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आज सकाळी दिसले म्हणून पुढच्या रविवारी त्याच वेळेला दिसतील असं नाही. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात त्यांच्याही वेळा भरतीवर ठरतात. तेव्हा भरतीचं टाइमटेबल बघा, जा, दिसले तर दिसले, नाही दिसले तर वारा खाऊन या. लवकर उठलो म्हणून जास्त फ्लेमिंगो, असा हिशोब तिथे नाही. वर्षभर केपीआय (ऑफिसातली कामगिरीची टार्गेटं) भरणाऱ्या माणसाला हे सुरुवातीला फार विचित्र वाटतं, अर्ध्या तासात हात आपोआप फोनकडे जातो, जाऊ दे, परत खिशात ठेवा.

पक्षी नको असतील तर दुसरं काहीही चालेल. तलावपाळीला कठड्यावर बसून शेंगदाणे खा. तसं आपल्याला हे जमतं बरं का, दिवाळी पहाटेला राम मारुती रोड आणि तलावपाळीला नटूनथटून एवढी गर्दी होते, तिथे जाऊन कोणाला काय मिळतं? काही नाही, आणि तरी पुढच्या वर्षी सगळे परत हजर. तेच वर्षातून एकदा ऐवजी आठवड्यातून एकदा, कमी गर्दीत.

इथे एक सावधगिरी. उपवनला सकाळी बघा, तळ्याला चकरा मारणारे निम्मे लोक मनगटाकडे बघून चालत असतात, दहा हजार पावलं झाली का. व्यायाम म्हणून ठीक आहे, करा. पण ध्यानाच्या ॲपवर स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांची मोजणी, तुटू नये म्हणून रात्री पावणेबाराला डोळे मिटून बसणं ही परत तीच शर्यत झाली, फक्त अगरबत्ती लावून. तेच येऊरचं, पहाटे जायचं आणि परतताना चार फोटो, त्याला कॅप्शन, मग लाइक किती आले. जी गोष्ट मोकळी ठेवायची ठरवलीय तिचे आकडे मोजू नका, फोटोही टाकू नका, निदान त्याच दिवशी तरी नको. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायची वही काहींना जमते, मला विचाराल तर कंटाळा यायला लागला की बंद करावी, तिचा गृहपाठ करू नये.

प्रवासाचं म्हणाल तर ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत ‘वर्तमानात राहा’ वगैरे सांगायला मला लाज वाटते, ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर सकाळी वर्तमानातून लवकर सुटका व्हावी अशीच इच्छा असते. पण २०१० मध्ये अमेरिकेत किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या दोघांनी २,२५० लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारून बघितलं होतं, तेव्हा जवळपास ४७ टक्के वेळा लोकांचं मन हातातल्या कामात नव्हतंच, आणि मन भटकत असताना ते कमी खूश होते. म्हणून गाडीत सीट मिळाली तर ऐरोली येईपर्यंत तरी ऑफिसचा मेल उघडू नका एवढंच करा. उभे असाल तर तोल सांभाळा, बाकी काही नाही.

तुलनेचं काय करायचं हा सगळ्यात अवघड भाग. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंचे चेहरे तपासून संशोधकांनी दाखवलं होतं की ब्राँझवाले सिल्व्हरवाल्यांपेक्षा जास्त आनंदी दिसत होते, कारण सिल्व्हरवाला बघतो गोल्ड कसं हुकलं ते आणि ब्राँझवाला बघतो की चला, मेडल तरी मिळालं. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर दहावीच्या निकालाच्या दिवशी ९४ टक्केवाल्या पोराचं तोंड बघा, हेच. तुलना बंद होत नाही, कोणाचीच होत नाही, पण तिचा खुराक कमी करता येतो: लिंक्डइन आठवड्यातून एकदाच, ‘थ्रिल्ड टू अनाउन्स’ वाल्यांना म्यूट, आणि निकालाच्या दिवशी ग्रुप बंद ठेवून पोराला घेऊन मिसळ खायला जायचं, टक्के कितीही असोत.

एक गोष्ट मात्र यात मिसळू नका. आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, आवडतं जेवणही नकोसं वाटत असेल तर तो असमाधानाचा प्रश्न नाही, तिथे फ्लेमिंगो बघून भागणार नाही. डॉक्टरला दाखवा, किंवा सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि शेवटी नातेवाईक, कारण तुम्ही कितीही ठरवलंत तरी लग्नात कोणीतरी मावशी पकडून विचारणारच, मग आता पुढे काय? पोराचं काय, मोठं घर कधी, परदेशात नाही का जायचं. तिथे भाषण द्यायच्या भानगडीत पडू नका, कोणी ऐकत नाही. ‘सध्या काही नाही मावशी, मजेत चाललंय’ म्हणायचं आणि लगेच त्यांच्या गुडघ्यांचं विचारायचं. पुढची वीस मिनिटं त्या बोलतील, तुम्ही निवांत जिलबी खा.