चायनीज मेडिसिन शिकायला जाताय? मग फार्मसीतलं थोडं ऐका

बीएएमएस झाल्यावर मी चायनीज मेडिसिनच्या मास्टर्सला चीनमधल्या चेंगडूला गेले. जाताना वाटत होतं की अवघड काय ती भाषा, औषधांचं काय, बचनाग, हिंगूळ, ज्येष्ठमध सगळं आपल्याला माहितीच आहे, नावं तेवढी वेगळी. हा माज फार्मसीच्या पोस्टिंगमध्ये उतरला.

तिथे भिंतभर लाकडी खण असतात, एकेक औषध छोट्या हातकाट्यावर तोलायचं आणि कागदावर ओतत जायचं. एका प्रिस्क्रिप्शनमध्ये फूझी होतं, म्हणजे आपल्या बचनागाचं चुलत भावंड, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं, आधी उकळा. असं औषध वेगळ्या पुडीत बांधून वर तसं लिहायचं असतं. मी तोललं अगदी काटेकोर, 9 ग्रॅम म्हणजे 9 ग्रॅम, आणि दिलं टाकून बाकीच्यांबरोबर एकाच ढिगात, ते पण सातही दिवसांच्या पुड्यांत. बांधायच्या आधी दुसरं कुणीतरी तपासतं, त्या दिवशी रिटायरमेंटला आलेले एक काका होते, त्यांनी बोटाने ढीग पसरला आणि फूझीच्या चकत्या एकेक करून वेचायला लागले. बोलले काहीच नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं.

आता एवढं काय त्यात? तर फूझीतलं विष, ॲकोनिटिन, बराच वेळ उकळलं की फुटतं आणि विषारीपणा खूप कमी होतो, म्हणून फूझी आधी एकटं अर्धा-एक तास उकळायचं, मग बाकीचं घालायचं. पेशंटला एकच पुडी दिली तर तो सगळं एकदम टाकून 20 मिनिटांत गॅस बंद करणार, आणि मग ओठ-जीभ बधिर, हृदयाचे ठोके बिघडलेले. चीनच्या फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथात, डोस 3 ते 15 ग्रॅम आहे, म्हणजे माझा डोस बरोबरच होता!

नावाच्या आधीचं अक्षर पण बघत जा. बानश्या नावाचा एक कंद आहे, कच्चं बानश्या घशाला खाजतं, सुरणासारखं, आणि ते आहेच अळू-सुरणाच्या घराण्यातलं. आपण चिंच-आमसूल घालतो, ते आलं-तुरटी वापरतात. कच्चं की आल्यातलं हे त्या एका अक्षरावर ठरतं.

नावाच्या गोंधळाची सगळ्यात वाईट केस बेल्जियमची. 1990 च्या सुमारास ब्रसेल्समधे वजन कमी करायच्या गोळ्यांत फांगजी नावाच्या एका औषधाच्या जागी त्याच नावाचं दुसरंच झाड गेलं, त्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड हे किडनीचं विष, शंभरच्या आसपास बायकांच्या किडन्या खराब झाल्या, पुढे कॅन्सरही निघाले. चीनने ते दुसरं फांगजी 2004 मधे बंद केलं. (आपली ईश्वरी त्याच कुळातली आहे, पण तो विषय काढला की आमच्या बॅचच्या ग्रुपवर भांडणं होतात.)

कुठलं औषध कुठल्याबरोबर चालत नाही त्याची अठराची यादी पाढ्यासारखी गाऊन पाठ करायला लावतात. बानश्या आणि बचनागाची जात एकत्र नको, ज्येष्ठमधाबरोबर अमुक नको वगैरे. कधीकधी डॉक्टर मुद्दाम ते एकत्र लिहितात, पण मग तिथे त्यांची दुसरी सही लागते, नसेल तर प्रिस्क्रिप्शन परत पाठवायचं. नवीन मुलं लाजतात, मीपण लाजायचे, दोनदा मैत्रिणीला पाठवलं.

आणि पेशंटला दुसरं औषध चालू आहे का असं विचारू नका, नाहीच म्हणतात, कारण बीपीची गोळी त्यांच्या हिशोबात औषध नसतेच. सकाळी चहाबरोबर काय काय गिळता असं विचारा. मग वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, निघते, आणि प्रिस्क्रिप्शनमधे दानशेन नावाचं मूळ असेल तर तिथेच थांबून डॉक्टरला फोन लावावा लागतो, कारण दोन्ही मिळून रक्तस्राव होऊ शकतो.

परत येऊन प्रॅक्टिस करायचा विचार असेल तर आधीच सांगते, आयुषच्या यादीत चायनीज मेडिसिन नाही, ते बघूनच फी भरा. आणि जाताना जाड मार्कर चार-पाच घेऊन जा, पुड्यांवर लिहायला, तिथले कायम सुकलेले असतात.