उजनीवर घरच्यांना घेऊन गळ टाकायला जाताय? मग या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं मोबाईलमधून डोकं वर काढत नव्हती आणि आबा घरात बसून वैतागले होते, म्हणून मे महिन्यात सोलापुरातून अख्खं घर गाडीत कोंबून उजनी धरणाच्या बॅकवॉटरला गेलो. तिथलेच एक मच्छीमार मामा सोबतीला ठरवले होते. पहिल्या खेपेला एक मासा नाही, पंधरा दिवसांनी परत गेलो तेव्हा जमलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उशीर. मामांनी फोनवर सांगितलेलं साडेपाचला काठावर या, आणि आम्ही चहा घेऊन, पोरांच्या आंघोळी उरकून, टेंभुर्णीला नाष्टा करून आठ वाजता पोचलो. आपल्याकडं मे मधलं ऊन तुम्हाला सांगायला नको, नऊलाच चटके बसतात. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, मासा काठ सोडून खोल पाण्यात जातो आणि मग तुम्ही उथळात गळ टाकून बसा दुपारपर्यंत. आबांना पण ऊन झेपत नाही, तेव्हा नऊ-साडेनऊला आवरायचंच असं धरून पहाटे साडेतीनला निघा. आंघोळ घरी आल्यावर करा की.

दुसरं, ऑनलाइन मागवलेला भारीतला रॉड. मी घेतला होता, गळ पण मोठाले. उजनीत काठावर लागणार मुख्यतः चिलापी, म्हणजे तिलापिया, मूळचा आफ्रिकेतला मासा, १९५२ साली पहिल्यांदा भारतात आणलेला. त्याचं तोंड लहान. मोठा गळ त्याच्या तोंडात मावत नाही, तो कडेकडेनं गांडूळ कुरतडून खातो आणि आपण रिकामा गळ बाहेर काढतो, परत गांडूळ लावतो, परत रिकामा, असं माझं तासभर चाललेलं. शेजारी आबांची साधी बांबूची काठी, बारीक गळ आणि तरंग म्हणून, म्हणजे मासा लागला की कळावं म्हणून दोऱ्याला बांधून पाण्यावर तरंगत ठेवायला, ज्वारीच्या धाटाचा बोटभर तुकडा. गांडूळ पण अख्खं नाही, अर्धंच, गळ झाकेल एवढं. गाठ मारताना आबा दोरा तोंडात धरून ओला करतात, मला वाटायचं सवय असेल, पण नायलॉन कोरडा ओढला की घासून तापतो आणि नेमका गाठीतच कमजोर होतो. माझा दोनदा तिथंच तुटला.

आता घाई. चिलापी लागली की तरंग आधी दोन-तीनदा नुसता थरथरतो, मग तिरका सरकत बुडायला लागतो. पोरगं पहिल्याच थरथरीला काठी उपसतं. आबा म्हणाले, "कशाला घाई करालास बे, गिळू दे की त्याला." दुसऱ्या खेपेला पोराच्या हातावर त्यांनी स्वतःचा हात ठेवला, तरंग सरकला तसं मनगट हलकं वर, बास. बाहेर आली तळहाताएवढी चिलापी, पण पोराचं ओरडणं ऐकून वाटावं मगर काढली. मासा धरताना ओल्या हातानं डोक्याकडून शेपटीकडं हात फिरवत काटे दाबून धरा, उलटा हात फिरवला की पाठीवरचे काटे कचकन घुसतात. आणि मादीच्या तोंडात अंडी नाहीतर पिल्लं दिसली तर सोडून द्या, ती तोंडातच सांभाळते.

गळ मागून फेकायच्या आधी मागं बघा! माझा गळ बहिणीच्या ओढणीत गेला, वीतभर खाली डोळा होता. तेव्हापासून पोरांच्या गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करतो. एखाद-दुसरा मासा सुटतो, सुटू दे.

पुढची चूक धोक्याची आहे म्हणून नीट वाचा. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं आणि उघडा पडलेला गाळ वरून वाळून भेगाळतो, दिसायला पक्की जमीन, आत चिखल. माझा पाय गुडघ्यापर्यंत गेला, चप्पल अजून तिथंच आहे. मामा चालतात त्याच वाटेनं चाला. होडीत बसायचा हट्ट पोरं करणारच, पण लाईफ जॅकेट नसेल तर सरळ नाही म्हणा. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, ते याच पाण्यात. उन्हाळ्यात वळवाचा वारा कधी सुटेल काही सांगता येत नाही.

अजून एक, पाण्यावर थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या तर तिथं गळ टाकू नका, खाली कुणाचं तरी जाळं असतं. तुमची मजा, त्यांचं पोट. कुठं बसलेलं चालतं हे पण आधी विचारा, मासेमारीचे ठेके असतात.

खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या, उन्हात टिकते. पाणी माणशी दोन लिटर तरी, आबांना टोपी आणि बसायला खुर्ची.

मासे मात्र टिकत नाहीत. काठावरच कल्ले-आतडी काढायची आणि बर्फाच्या डब्यात टाकायचे. आम्ही दुसऱ्या खेपेचे नऊ मासे खुशीत प्लास्टिकच्या पिशवीत घालून डिकीत ठेवले आणि वाटेत उसाचा रस प्यायला थांबलो. घरी आजीनं पिशवी उघडली, वास घेतला आणि काही न बोलता पिठल्यासाठी बेसनाचा डबा काढला.