रंग सगळ्यात शेवटी आणा: माडीवरच्या रंगखोलीची तयारी

घरात चित्रांसाठी एखादी खोली करायची ठरलं, की आपण पहिल्यांदा रंगांच्या दुकानात जातो. मीही गेले. अ‍ॅक्रिलिकची मोठी पेटी, डझनभर ब्रश आणि चित्राचा बोर्ड उभा टेकवायचं तीन पायांचं ईझल घेऊन घरी आले. सांगलीतल्या गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर आठ बाय दहाची एक खोली आहे, तिथे ईझल उघडलं आणि खोलीचं दार उघडेना. म्हणून ही यादी मी उलट्या बाजूने सांगते. आधी जागा, मग उजेड, मग पाणी, मग ओले कागद ठेवायची सोय. रंग शेवटी.

जागेपासून सुरू करू. माडीवरची खोली म्हणजे गाद्या, गौरीचे मुखवटे, बिघडलेला कूलर आणि कुणाच्या तरी लग्नातले हंडे-कळशा. हे सगळं ‘एका कोपऱ्यात सरकवून’ काही होत नाही, कोपरा महिन्याभरात परत मधोमध येतो. सगळं बाहेर काढा. रिकाम्या फरशीवर खडूने टेबल, रॅक, बसायची जागा आखा आणि दोन दिवस तिथे नुसतं वावरून पाहा. उभ्या ईझलला तीन बाय तीन फूट तरी लागतात, शिवाय चित्र लांबून बघायला मागे दोन पावलं. एवढी जागा नसेल तर ईझलचा नाद सोडा. भिंतीवर दोन लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर बोर्ड टेकवता येतो, किंवा टेबलावर ठेवायचं छोटं ईझल घेता येतं.

मी तिसरीच वाट धरली. सांगलीत हळदीच्या पेढ्यांवर पूर्वी मुनीमजी ज्यावर खतावणी लिहायचे ते बुटकं, उतरत्या झाकणाचं डेस्क आठवतंय का? झाकणाखाली कप्पा, पुढच्या कडेला कागद घसरू नये म्हणून पट्टी, वर दौतीसाठी खोबण. ओळखीतल्या एका पेढीचं काम कॉम्प्युटरवर गेलं आणि त्यांचं डेस्क जिन्याखाली पडलं होतं. ते उचलून आणलं. झाकणावर जुन्या शाईचे डाग होते, आतल्या कप्प्याला अजून हळदीचा वास होता, आणि एक बिजागरी निखळली होती. सुताराने बिजागरी बदलली, मी पॉलिश पेपर मारला. मांडी घालून बसलं की कागद आपोआप नजरेसमोर तिरका येतो, मान दुखत नाही. दौतीच्या खोबणीत पेन्सिली आणि खोडरबर बसतात. नवीन टेबलाच्या नादाला लागण्याआधी जिन्याखाली, माळ्यावर, नातेवाइकांच्या कोठारात एकदा बघून या. गुडघ्यांची तक्रार असेल तर मात्र सरळ टेबल-खुर्चीच घ्या, तिथे हौस उपयोगाची नाही.

आता उजेड. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो वाया गेला नाही. पुस्तकांत सरसकट लिहिलेलं असतं की खिडकी उत्तरेची हवी, कारण तिकडून ऊन येत नाही. हे लिहिणारे बहुतेक युरोपातले. सांगली सुमारे १७ उत्तर अक्षांशावर आहे. आपल्याकडे मेच्या सुरुवातीला शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो तो दिवस, येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. त्यातून मार्चअखेर ते सप्टेंबर तो उगवतो आणि मावळतो तोही पूर्व-पश्चिमेपासून थोडा उत्तरेला सरकून. म्हणजे उन्हाळ्यात सकाळी सात वाजता उत्तरेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप थेट कागदावर येते. उत्तरेची खिडकी तरीही चांगलीच, फक्त तिला एक पातळ पांढरा पडदा हवा. आमच्या खिडकीला आजोबांचं झिरझिरीत झालेलं धोतर आहे. पडदा पांढराच लावा. गुलाबी पडदा दिसतो छान, पण सगळा कागद गुलाबी करून टाकतो.

मी ऑफिसवरून येते तेव्हा दिवेलागण झालेली असते, त्यामुळे दिवसाच्या उजेडाचं कौतुक शनिवार-रविवारपुरतं. पहिल्या महिन्यात पिवळ्या बल्बखाली कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं एक चित्र केलं. रात्री आभाळ मस्त राखाडी-निळं दिसत होतं, सकाळी बघते तर जांभळट! पिवळ्या उजेडात निळा मंद दिसतो, म्हणून हात त्यात निळा आणि लाल ओततच राहतो. बल्ब घेताना वॅटपेक्षा खोक्यावरचे दोन आकडे वाचा. एक केल्विनचा: ४००० ते ५००० च्या दरम्यान असला तर उजेड फार पिवळाही नाही आणि दवाखान्यासारखा निळसरही नाही. दुसरा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप. साधे एलईडी ८० च्या आसपास असतात, चित्रासाठी ९० किंवा वरचा मागा. दुकानदार ‘सगळे सारखेच असतात ताई’ म्हणेल, तरी खोकं हातात घेऊन वाचा. दिवा उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावीकडे लावायचा, डावखुऱ्याने उजवीकडे, नाहीतर हाताची सावली नेमकी ब्रशच्या टोकावर पडते.

खोली रंगीत हवी हे तर ठरलेलंच होतं. माझा पहिला हट्ट हळदी पिवळ्या भिंतींचा. खिडकीसमोरची भिंत रंगवून झाली आणि खोलीतला प्रत्येक कागद पिवळसर झाला, कारण उजेड त्या भिंतीवर आपटून कागदावर येत होता. आठवड्यात ती भिंत परत पांढरी केली. तेव्हा चित्राच्या मागची भिंत आणि खिडकीसमोरची भिंत पांढरी किंवा फिकट राखाडी ठेवा. बाकी रंग हवा तिथे उधळा. आमचं दार आतून राणी कलरचं आहे, खिडकीच्या झडपा पोपटी, तुळया निळ्या, रॅकच्या आतल्या पाठी केशरी, आणि बसायचं स्टूल गुलबक्षी. याला ऑइलपेंटचे छोटे २०० मिलीचे डबे पुरतात, दुकानात उरलेल्या शेडचे डबे स्वस्तातही मिळतात. जुन्या मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला ओल येत असेल तर तिच्यावर ऑइलपेंट लावू नका. आतली ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि पापुद्रे सुटतात. तिथे चुनाच बरा, त्यात किंचित नीळ.

फरशीसाठी वेगळं काही विकत घेऊ नका. जुना फ्लेक्स मिळवा. आपल्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सना काय तोटा! उलटा अंथरला की पांढरा, जाड, ओल्या फडक्याने पुसता येणारा. आमच्या खोलीत कुण्या एका दादांचा वाढदिवस फरशीकडे तोंड करून गेली दोन वर्षं साजरा होतोय.

पाण्याची सोय म्हणजे नळ हवाच असं नाही. एक झाकणाची बादली स्वच्छ पाण्याची, एक घाण पाण्याची, आणि कामावर बसताना दोन डबे: एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाणी उचलायला. श्रीखंडाचे रिकामे डबे यासाठी उत्तम, बुडाला रुंद असल्याने कलंडत नाहीत. अ‍ॅक्रिलिकचं पाणी मोरीत ओतू नका, हे मी तुंबलेल्या मोरीवरून सांगते. अ‍ॅक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच, वाळल्यावर विरघळत नाही. प्लंबरने नळीतून बोटभर लांबीचा रबरासारखा रंगीबेरंगी गोळा ओढून काढला आणि विचारलं, ‘वहिनी, घरात फुगे शिजवता का?’ आता बादली रात्रभर तशीच ठेवते. गाळ खाली बसतो, वरचं पाणी निथळून काढायचं आणि गाळ रद्दीत टिपून कचऱ्यात टाकायचा.

सांगलीत सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न कृष्णेला विचारून सोडवावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा माझे कागद खाली सोप्यात, कॉटखालच्या ट्रंकेत होते. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर शाळेपासूनच्या चित्रांचा, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या सर्टिफिकिटांसकट, एकच करडा लगदा. त्यानंतर नियम केला की कागद माडीवरच, आणि माडीवरही कमरेच्या वर. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा उचलायला फक्त खालचे रंगाचे डबे होते. विश्रामबागेकडे उंचावर राहणाऱ्यांना एवढी धास्ती नको, पण तळमजल्यावर खोली असेल तर निदान चित्रांची फाइल पटकन उचलून नेता येईल अशी ठेवा.

पूर आला नाही तरी पावसाळा आहेच. कागदाला ओल लागली की त्यातलं साइझिंग, म्हणजे कागदाने पाणी एकदम पिऊ नये म्हणून दिलेली खळ, बिघडतं आणि रंग टिपकागदासारखा पसरतो. वर बुरशीचे तपकिरी ठिपके. जूनच्या आधी कोरे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद करा. बुटांच्या आणि औषधांच्या खोक्यांतल्या पुड्या वर्षभर साठवल्या तर फुकटात भागतं. रॅक भिंतीला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा. वाळवी भिंतीतून येते, आणि रॅक चिकटलेला असला की मधल्या बारीक फटीत कसर घर करते. ट्रंक लोखंडी असेल तर आतून वर्तमानपत्र नको, त्याच्या पिवळेपणाचा डाग चांगल्या कागदाला लागतो.

ओली चित्रं वाळवायला जागा हवी हे कुणीच सांगत नाही आणि पहिल्याच दिवशी पलंगभर कागद पसरतात. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन दोऱ्या, त्यांना कपड्यांचे चिमटे. हे अ‍ॅक्रिलिक आणि पोस्टर कलरसाठी. जलरंगाचा भिजलेला कागद मात्र आडवाच वाळवायचा, नाहीतर रंग ओघळून खाली जमतो. त्यासाठी रॅकचे दोन कप्पे रिकामे सोडा. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून घाटावरून आणलेले चार गोटे. गळीत हंगामात आसपासच्या रानात पाचट जाळतात, तेव्हा संध्याकाळी वाऱ्यावर काळी काजळी उडत येते आणि ओल्या रंगावर अलगद बसते. त्या दिवसांत खिडकीला डासांची जाळी असू द्या, आणि बसलेली काजळी ओली असताना बोटाने पुसू नका, वाळल्यावर फुंकर मारा.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पंख्याखाली अ‍ॅक्रिलिक ताटलीतच वाळतं. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं की दोन-तीन दिवस ओले राहतात. जलरंगासाठी पांढरी चिनी मातीची बशी घ्या. स्टीलच्या ताटलीत रंग खरा दिसत नाही. ती बशी परत स्वयंपाकघरात जाणार नाही, हे घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, आणि ब्रशला तोंडात घालून टोक काढायची शाळेतली सवय मोडा. कॅडमियम लिहिलेल्या ट्यूबांत खरंच कॅडमियम असतं.

तैलरंग लहान खोलीत सुरुवातीला नकोतच. टर्पेंटाइनच्या वाफा डोकं धरायला लावतात, समोरासमोर दोन खिडक्या तरी हव्यात. आणि जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर हवेशी संयोग होऊन आपोआप तापतात, पेटूही शकतात. घेतलेच तैलरंग, तर फडकी पसरून बाहेर वाळवा किंवा पाणी घातलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा.

एवढं झालं की दुकानात जा. ३०० जीएसएमचे (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे चांगले जाड) जलरंगाचे कागद, पूर्ण ताव २२ बाय ३० इंचांचा असतो, त्याचे चार तुकडे केले की एका तावाची चार चित्रं. सरावाला स्वस्त कार्ट्रिज पेपर. गोल ब्रश दोन, लहान आणि मोठा, आणि एक इंची चपटा एक. रंग सहाच: दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे, प्रत्येकात एक उष्ण, म्हणजे लाल-केशरीकडे झुकणारा, आणि एक थंड, म्हणजे निळ्या-हिरव्याकडे झुकणारा. पोस्टर कलरला पांढरा वेगळा. माझ्या मोठ्या पेटीतल्या निम्म्या ट्यूबा अजून उघडलेल्या नाहीत.

हळदीने रंगवायचा मोह सांगलीकराला होतोच. मुलांना जरूर द्या: हळदीच्या पाण्याने रंगवलेल्या कागदावर चुन्याच्या निवळीची रेघ ओढली की ती लाल होते, कुंकू असंच तर करतात. टिकाऊ चित्रात मात्र हळद नको. खात्री करायची तर कागदाची पट्टी घ्या, तिच्यावर हळद आणि आपल्याकडच्या सगळ्या रंगांचे पट्टे ओढा, अर्धी पट्टी जाड पुठ्ठ्याने झाका आणि उन्हाच्या खिडकीत काचेला चिकटवा. आमच्याकडे पंधरा दिवसांनी पुठ्ठा काढला तर उघड्या बाजूची हळद जवळजवळ उडाली होती, आणि एका स्वस्त ट्यूबमधला गुलाबीही. ती ट्यूब आता रांगोळीच्या पाटावर खर्ची पडते.