मिथाइलट्रान्सफरेजची अभिक्रिया कागदावर काढायची कशी?

मिथाइलट्रान्सफरेज म्हणजे मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) एका रेणूवरून दुसऱ्यावर नेणारं एन्झाइम. पुस्तकातली आकृती समोर ठेवून उतरवू नका. कोरा कागद घ्या आणि सुरुवात मिथाइल देणाऱ्या रेणूतल्या गंधकापासून करा, एन्झाइमपासून नव्हे. मी शिकवताना हाच क्रम धरते, कारण सगळी गोम त्या गंधकातच आहे.

तो रेणू म्हणजे एस-अडेनोसिल मेथिओनिन, थोडक्यात सॅम. तो काढा. अख्खं अडेनोसिन रेखाटत बसायची गरज नाही, तिथे नाव लिहिलं की भागतं. पण गंधकाला तीन कार्बन जोडलेले हवेत आणि डोक्यावर अधिक चिन्ह हवंच. ते विसरलात तर पुढचं काहीच पटणार नाही: साधं मेथिओनिन आपला मिथाइल असा सहजासहजी सोडत नाही.

आता एन्झाइम. कॅटेकॉल-ओ-मिथाइलट्रान्सफरेज घ्या, ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी 1950च्या दशकात शोधलेलं. त्यात आधी सॅम बसतं, मग मॅग्नेशियम, शेवटी मिथाइल घेणारं डोपामिन, मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन. मॅग्नेशियम डोपामिनचे दोन्ही ऑक्सिजन धरून ठेवतं. त्यातल्या एकाचा प्रोटॉन एन्झाइममधलं 144 क्रमांकाचं अमिनो आम्ल, लायसिन, काढून घेतं, आणि ऋणभारित ऑक्सिजन नेमका मिथाइलसमोर येतो.

मग इलेक्ट्रॉनांच्या जोड्या कुठे सरकतात ते दाखवणारे बाण. पहिला ऑक्सिजनकडून मिथाइलच्या कार्बनकडे, दुसरा कार्बन-गंधक बंधापासून गंधकाकडे. दोन्ही एकाच दमात. मधे सुटा मिथाइल कॅटायन (धनभारित मिथाइल) तरंगताना दिसला की मी लाल पेन उचलते! ऑक्सिजन, कार्बन आणि गंधक जवळपास सरळ रेषेत काढा. तिन्ही हायड्रोजन वाऱ्याने उलटलेल्या छत्रीच्या काड्यांसारखे पलटतात. हे नुसतं मानायचं म्हणून मानलेलं नाही. मिथाइलवर साधा हायड्रोजन आणि त्याचेच जड प्रकार ड्युटेरियम आणि ट्रिटियम असे तीन वेगळे अणू बसवून पाहिलं, तेव्हा रचना खरोखर उलटलेली सापडली. मिथाइल आधी एन्झाइमवर आणि मग डोपामिनवर गेला असता, तर दोनदा उलटून मूळपदावर आला असता.

उजवीकडे 3-मेथॉक्सिटायरामिन, म्हणजे मिथाइल लागलेलं डोपामिन, लिहा, खाली एस-अडेनोसिल होमोसिस्टीन, म्हणजे मिथाइल गेल्यावर उरलेलं सॅम. हे दुसरं तसंच साचू दिलं तर एन्झाइमलाच अडवतं, म्हणून पेशी त्याचं अडेनोसिन आणि होमोसिस्टीन करून टाकते.

डीएनएतल्या सायटोसिनला हीच आकृती चिकटवू नका. तिथे मिथाइल 5 क्रमांकाच्या कार्बनवर जातो, आणि तो कार्बन हल्ल्याला तयार व्हावा म्हणून एन्झाइममधलं सिस्टीन हे अमिनो आम्ल आधी शेजारच्या 6 क्रमांकाला जाऊन जोडतं. त्याला वेगळा कागद घ्या.