रोजच्या गाडीसाठी कंट्रोल आर्मचे बुश निवडताना

कंट्रोल आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यात बसणारा, धक्के शोषणारा तुकडा. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला बहुतेक वेळा चांगल्या प्रतीचे रबरी बुशच पुरतात. स्टिअरिंग आणखी नेमकं हवं असेल तर थोडं कडक रबर किंवा शोअर ए या कडकपणाच्या मापावर 80 च्या आसपासचं पॉलियुरेथेन (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) घ्या. 95 चं ट्रॅकवर शोभतं. रस्त्यावर प्रत्येक खड्डा केबिनपर्यंत पोचवतं.

पॉलियुरेथेनमध्ये स्लीव्ह (बोल्टभोवतीची धातूची नळी) बुशच्या आत फिरते, म्हणून सिलिकॉन ग्रीस नीट लावा, नाहीतर करकर ठरलेली. जो आर्म फिरता फिरता तिरकाही होतो, तिथे हे बुश अडकतात. म्हणून मागच्या ट्रेलिंग आर्मला (मागच्या चाकाला पुढून धरणाऱ्या दांड्याला) सहसा रबरच बरं.

रबरी बुशचं उलट असतं. स्लीव्ह रबराला चिकटवलेली असते आणि सगळी हालचाल रबराच्या पिळातून होते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पक्का आवळला, की खाली उतरवताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश अवेळी फाटतो. घाईत हीच चूक सर्वाधिक होते. चाकांवर वजन आल्यावरच कंपनीने दिलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) द्या.

रबरात पोकळ्या असतील तर जुना बुश काढण्याआधी त्यांची दिशा आर्मवर खुणेने नोंदवा. शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्या.