सुतारकामाच्या लहान कार्यशाळेतील डिजिटल वेळापत्रक : या चुका टाळा

कार्यशाळेत वेळापत्रकाचे ॲप सुरू झाले, की थोड्याच दिवसांत एक तक्रार हमखास पुढे येते : पडद्यावर काम वेळेत दिसते आणि कपाट मात्र अजून पॉलिशविना उभे असते. दोष बहुधा ॲपचा नसतो. यातली बरीच साधने माणसांचे तास मोजण्याच्या हिशेबाने बेतलेली असतात. सुतारकामातला मोठा वेळ मात्र सरस सुकण्यात, पॉलिश वाळण्यात आणि एकुलते एक यंत्र मोकळे होण्याची वाट पाहण्यात जातो.

सर्वांत महागात पडणारी चूक इथलीच आहे. पांढऱ्या सरसाने जोडलेल्या सांध्याचे क्लॅम्प (तो आवळून धरणारे शिकंजे) साधारणपणे अर्ध्या ते एका तासात सोडता येतात, पण सांध्याला पुरती बळकटी यायला सुमारे २४ तास लागतात. हे २४ तास नेहमीच्या कामकाजाच्या दिनदर्शिकेत भरले, तर आठ तासांचा दिवस धरून ॲप त्यांचे तीन दिवस करते. शनिवारी काम संपता संपता जोडलेली चौकट सोमवारी सकाळी घासायला तयार असते. पडदा मात्र रविवार वगळून बुधवारची संध्याकाळ दाखवतो, आणि कारागिरांचा वेळापत्रकावरचा विश्वास तिथेच उडतो. सुकण्या-वाळण्याचे टप्पे वेगळे नोंदवून त्यांना रात्रंदिवस चालणारी दिनदर्शिका लावावी. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा सलग कालावधीची स्वतंत्र सोय आहे. हवा दमट असेल तर या टप्प्यांना मुद्दाम जास्त वेळ द्यावा, कारण डब्यावर छापलेला वेळ कोरड्या, उबदार हवेचा असतो.

दुसरी चूक म्हणजे माणसांची नोंद करायची आणि यंत्रे व जागा विसरायची. एक कारागीर सँडर, म्हणजे लाकूड घासायचे यंत्र, चालवतो आहे आणि दुसरा त्याच खोलीत लॅकर या पॉलिशचा हात देतो आहे, हे ॲपच्या दृष्टीने बिनतक्रार चालते. प्रत्यक्षात उडालेला भुसा ओल्या थरावर बसतो आणि ते काम पुन्हा घासावे लागते. म्हणून खोलीचीही यंत्राप्रमाणेच नोंद करावी, म्हणजे एका वेळी तिथे एकच प्रकारचे काम लागेल. रंध्याच्या यंत्राची जाडी बदलणे, करवतीचे पाते बदलणे, यालाही वेळ लागतो. तो धरला नाही, तर दुपारपर्यंतच वेळापत्रक मागे पडते.

बाकीच्या चुका किरकोळ वाटतात, पण साधन बंद पडते ते बहुधा त्यांच्यामुळेच. प्रत्येक खिळ्यामागे नोंद मागितली, तर भुशाने माखलेल्या हातांनी कोणी फोन उघडणार नाही. कापणे, जोडणे, घासणे, पॉलिश आणि पोहोचवणे एवढे टप्पे पुरतात, आणि दिवसाअखेरीस एकानेच नोंद केली तरी चालते. भिंतीवरचा फळा आणि ॲप महिनोन्‌महिने समांतर चालवू नयेत, कारण मग दोन्हींवर वेगवेगळ्या तारखा दिसू लागतात.

ग्राहकाला तारीख देताना केवळ नव्या कामाचे तास मोजणे हीदेखील नेहमीची चूक आहे. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे थेट लागू पडतो : हाती सरासरी बारा कामे असतील आणि आठवड्याला तीन पुरी होत असतील, तर एक काम कार्यशाळेत सरासरी चार आठवडे राहते, मग त्याची प्रत्यक्ष मेहनत दोन दिवसांची का असेना. तारीख अलीकडे आणायची असेल, तर एकाच वेळी सुरू केलेली कामे कमी करावी लागतात.

आधीचे काम लांबले तरी पुढच्या तारखा जागच्या हलत नसतील, तर दोन गोष्टी तपासाव्यात. टप्पे एकमेकांना जोडायचे राहून गेलेले असतात, किंवा कोणीतरी सुरुवातीची तारीख हाताने टाकून तो टप्पा तिथे अडकवून ठेवलेला असतो. अशी बंधने काढावीत, टप्पे क्रमाने जोडावेत आणि ठरलेली तारीख फक्त पोहोचवण्याच्या टप्प्यावर मुदत म्हणून ठेवावी.