मॅग ड्रॉप: काउलिंग उघडण्याआधी

छोट्या विमानाच्या इंजिनात ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो असतात. उड्डाणाआधीच्या इंजिन-चाचणीत, म्हणजे रन-अपला, एकेका मॅग्नेटोवर इंजिन चालवून बघतात; तेव्हा आरपीएम (मिनिटाचे फेरे) जितके पडतात तो मॅग ड्रॉप. तो जास्त दिसला की हँगरात परतल्यावर काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडायला हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. थांबा. आठवण ताजी आहे तोवर कागदावर मांडा: डाव्या मॅग्नेटोवर किती आरपीएम पडले, उजव्यावर किती, आणि तेव्हा इंजिन थरथरत होतं का. थरथरत असेल तर बहुतेक स्पार्क प्लग किंवा त्याची वायर. सुरळीत चालूनही आकडा खूप पडला तर टायमिंग (ठिणगीची वेळ) नाहीतर मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण). सेस्ना १५२ ला १७०० आरपीएमवर १२५ पर्यंतची घट आणि दोन्ही बाजूंत ५० चा फरक चालतो. तुमच्या विमानाची हँडबुक शेजारी असू द्या.

आकडा मुळीच पडला नाही तर खूश होऊ नका. पी-लीड (मॅग्नेटो बंद करणारी वायर) तुटलेली असू शकते, म्हणजे चावी बंद असली तरी मॅग्नेटो जिवंत. एरवीही प्रोपेलरला हात लावताना ते आत्ता सुरू होईल असंच धरून चालायचं.

रिच (जास्त इंधनाच्या) मिक्श्चरवर बराच वेळ टॅक्सी केली, म्हणजे विमान जमिनीवर चालवलं असेल तर आधी फुकटचा उपाय करून पाहा. रन-अपच्या आरपीएमवर मिक्श्चर थोडं लीन करा (इंधन कमी करा), काही वेळ चालू द्या, पुन्हा तपासा. प्लगवर बसलेलं इंधनातलं शिसं बरेचदा जळून जातं आणि पुढचं सगळं वाचतं.

नाही गेलं तर थंड सिलिंडर, म्हणजे ज्यात ठिणगी पडत नाही तो, शोधायचा. त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर, चाकांना लावायचे ठोकळे (चॉक) आणि कॉकपिटमध्ये बसणारा भरवशाचा माणूस लागतो. थंड इंजिन सुरू करून थोडा वेळ फक्त वाईट मॅग्नेटोवर चालवा, त्याच मॅग्नेटोवर असताना मिक्श्चर ओढून बंद करा. मग चावी बंद करून खिशात, आणि लगेच चारही एक्झॉस्ट पाइप मोजा. एक ठळकपणे थंड निघेल. त्या सिलिंडरला प्लग दोन असतात; या मॅग्नेटोचा कोणता, हे वायरिंगच्या आकृतीत बघा. दोन्ही काढून बसणारे मी पाहिलेत.

आता हत्यारं: ७/८ इंची खोल सॉकेट, टॉर्क रेंच, नवे तांब्याचे गॅस्केट, ओहममीटर, क्रमांक घातलेला ट्रे. प्लगचा रोध ५००० ओहमच्या वर गेला तर मी तो परत बसवत नाही. हातातून पडलेला प्लगही नाही, कितीही नवा असो. एएमईला (विमान देखभालीच्या इंजिनिअरला) फोन करताना कागद समोर ठेवा. "इंजिन खडखडतंय" एवढंच सांगितलं तर तो सगळं पहिल्यापासून करेल, आणि बिलही तसंच येईल.